बिनगाठीची दोरी

लावणी उरकली की आमच्या भागात एक वेगळंच रिकामपण येतं. रोप मूळ धरेपर्यंत खाचरात पाय घालायचा नसतो. समोरचा डोंगर ढगात गेलेला, चुलीवर टांगलेल्या घोंगड्यांचा दमट उबारा घरभर, आणि पागोळ्यांचा आवाज असा की बोलणाऱ्यानं जरा पुढं सरकून बोलावं. मुंबईवाले विचारतात, या दिवसांत तुम्ही करता काय? मी म्हणतो, पाऊस ऐकतो. त्यांना ती थट्टा वाटते.

यंदा या दिवसांत माझी नात सायली पुण्याहून आपल्या दोस्तांना घेऊन आली. रायगड बघायला आली होती मंडळी, पण पाचाडपर्यंत जाऊन धुक्यानं परत फिरली. मग ओटीवर सतरंजी टाकून बसली. नाना तोंडांचे रंगीत फासे काढले. मी पान लावत ऐकत होतो. एकानं गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी त्या गोष्टीतली माणसं व्हायचं, आणि अडलं की फासा टाकायचा. खेळ काही सुरू होईना. वाद कसला, तर आपली माणसं कुठल्या पायरीवरनं सुरू करायची. एक पोरगा म्हणे, पहिल्या पायरीवरची माणसं पटापट मरतात, मजा नाही, वरनं सुरू करू. सायली म्हणे, वरनं सुरू केलं तर ती वर कशी आली ते कुणाला ठाऊक?

माझं शिक्षण बेताचं. अक्षर लावून वाचतो, लिहितो, त्याची लाज कधी बाळगली नाही आणि बाळगणारही नाही. पण तो वाद मला कुणी समजावून सांगायला नको होता. तो या ओटीवर आधी झालेला आहे. गिरण्या बंद पडून माणसं गावाकडं आली, त्या पावसाळ्यात.

आमच्या बुद्धवाडीत हा खेळ माझ्या वडिलांनी, आबांनी आणला. ते घाटरस्त्याच्या कामावर होते. दरड कोसळली, पाऊस धरून बसला, की गँगची माणसं ताडपत्रीखाली बसायची आणि वेळ काढायला हा खेळ खेळायची. आम्ही त्याला गडाचा खेळ म्हणायचो. काळ महाराजांचा. सांगणारा सांगणार की तुम्ही कांगोरी गडाच्या वाटेला आहात, धुकं आहे, पुढं चाहूल लागली, करता काय? खेळणाऱ्यानं सांगायचं काय करतो, आणि पाच कवड्या टाकायच्या. तीन उताण्या पडल्या तर जमलं. नाहीतर फसलं, आणि वेळ वाईट असली तर मेला.

प्रत्येकाची एक दोरी असायची, अंबाडीची, हातभर. काही पराक्रम केला की दोरीला गाठ. बिनगाठीचा तो हशम, साधा पायदळाचा शिपाई. एक गाठ म्हणजे नाईक, दोन म्हणजे हवालदार, तीन म्हणजे जुमलेदार. जितक्या गाठी तितक्या पालथ्या कवड्या माफ. म्हणून गाठवाला सहसा मरत नसे आणि बिनगाठीचा कधीही मरे. मेला की दोरी चुलीत आणि नवी दोरी हातात, पुन्हा हशम. गणपतीनंतर भात पोटरीला आलं की खेळ बंद. दोऱ्या ओटीच्या वाशाला लटकलेल्या, पुढच्या लावणीनंतर तिथनंच पुढं.

आबांचा नियम एकच होता. नवीन बसणाऱ्याला बिनगाठीची दोरी, मग तो कुणी असो. एकदा पाटलांचा धाकटा पावसात अडकून आमच्या ओटीला टेकला. आमचं पाणी प्यायला नाही, पण खेळ बघून त्याला राहवेना. मी खेळू का, म्हणाला. आबांनी दोरी दिली. त्यानं ती उलटसुलट करून बघितली.

“मला पण हीच?”

“सगळ्यांना हीच.”

पहिल्याच चढाईला मेला बिचारा. खळखळून हसला, आणि दुसऱ्या दिवशी पाऊस नसतानाही आला. पुढं त्याच्या वडलांनी ते बंद केलं. त्या संध्याकाळी आबा म्हणाले होते, “जन्मताच हुद्दा मिळतो तो तिकडं, गावात. हितं नाय मिळायचा.” आबा गेल्यावर सांगणारा मी झालो, आणि तो नियम मी घराच्या आढ्यासारखा धरून ठेवला. पाहुणे रुसले, साडू रुसला, मी हललो नाही. मला हेकट म्हणतात ते उगीच नाही.

तर त्या पावसाळ्यात माझा थोरला भाऊ लक्ष्मण, आमचा दादा, बायको-पोरांसकट मुंबईहून आला. गिरणीत तो जॉबर होता, लाईनीचा मुकादम. लाईनीतली माणसं त्याच्या नजरेनं हलायची. मी एकदा गेलो होतो तेव्हा बघितलं होतं; चाळीच्या जिन्यावर लोक त्याला वाट द्यायचे, हॉटेलवाला न सांगता चहा पाठवायचा. तो माणूस पोलादपूरला एसटीतनं उतरला तो डोक्यावर पत्र्याची ट्रंक आणि हातात स्टोव्ह घेऊन. मी ट्रंक घ्यायला हात पुढं केला. त्यानं दिली नाही.

लावणीला तो आला आमच्याबरोबर. पण हात विसरले होते. बायकांच्या ओळी पुढं सरकत बांधाला टेकल्या तरी याची ओळ मधेच, वाकडी. माझी बायको शेवंता तोंडानं सैल, ती म्हणाली, “दादानू, ती ओळ महाडला चालली का मुंबयला?” सगळ्या हसल्या. तोही हसला असता, एरवी. त्यानं हातातली रोपांची मूठ चिखलात ठेवली, बांधावर जाऊन पाय धुतले आणि घरी गेला.

मग तो माजघरात बसायला लागला, भिंतीकडं तोंड करून. जेवणाला हाक मारली तर यायचा, चार घास खायचा. सकाळी मात्र ठरल्या वेळेला एकदम मान वर करायचा, कान देऊन थांबायचा. भोंगा. इथं कुठला गिरणीचा भोंगा, इथं पाऊस. मग मान पुन्हा खाली जायची. वाडीत लोक दबक्या आवाजात बोलायला लागले होते. गिरणीतनं आलेला खालच्या वाडीतला एक जण असाच बसून बसून गळफासाला लटकला होता, हे सगळ्यांच्या मनात होतं आणि तोंडात कुणाच्याच नव्हतं.

एका सकाळी वहिनी चुलीपाशी नाचणीची भाकरी थापत होत्या. मी विस्तव घ्यायला गेलो. त्यांनी तवा उतरवून ठेवला, म्हणजे बोलणं मोठं होतं.

“भावजी, तुमच्या त्या खेळात त्यांना घ्या.”

“घेईन की. दादाला काय आवतण पायजे?”

“नुसतं नाय. वरचा हुद्दा द्या. तिकडं त्यांच्या शब्दावर माणसं उठायची. हितं धोंडूच्या हाताखाली हशम म्हणून बसवलंत, आन पयल्या खेपेला मेले, तर...” त्या पदरानं तव्याची कड पुसत राहिल्या.

धोंडू म्हणजे आमचा चुलत भाऊ. त्याच्या दोरीला तीन गाठी, वाडीतला एकटा जुमलेदार, आणि त्याचा तोरा खऱ्या जुमलेदारालाही नसेल. मी त्याला गोठ्यात गाठलं. मला वाटलं तो भांडेल. तो म्हणाला, “माझी जुमलेदारी दे त्याला. मला तशी बी पेलत नाय.”

त्या गोठ्यात आम्ही दोघं शेणात उभं राहून ठरवत होतो की माझ्या भावाला कुठल्या पायरीवर ठेवायचं. आता हसू येतं, पण तेव्हा घाम फुटला होता. जुमलेदार केलं तर डोळ्यात भरेल. कुणीतरी फिस्सकन हसेल आणि सगळं जाईल. नाईक करावं म्हटलं तर धोंडूचं म्हणणं, नाईक म्हणजे सगळ्यात वंगाळ. खालचे ऐकत नाहीत आणि वरचे सोडत नाहीत, त्यापेक्षा हशम बरा. बिनगाठीचा ठेवावा तर कवड्यांचा भरवसा कुणी द्यायचा? आम्ही मरणाला भ्यालो होतो, खेळातल्या मरणाला. शेवटी हवालदार ठरलं. दोन गाठी. माणसं हाताखाली, पण धोंडू वर आहे, म्हणजे फुकट दिल्यासारखं दिसणार नाही.

गाठी मी माझ्या हातानं मारल्या. पराक्रम नसताना, पहिल्यांदाच. ओल्या अंबाडीची गाठ घट्ट बसते.

दुपारी जेवणं झाली, पाऊस धरून होता. मी दादाला हाक मारली. तो बाहेर आला ते खेळायला नव्हे, थोरल्या भावाला हाक मारली म्हणून. वाडीतले आठ-दहा जण बसलेले. मी दोरी त्याच्या हातात दिली आणि जरा मोठ्यानंच म्हणालो, हवालदार लक्ष्मण, कांगोरीच्या वाटेवर.

त्यानं दोरी चाचपली. दिव्याच्या वातीसारखी बोटात फिरवली. गाठीपाशी बोटं थांबली.

“ह्या कुनी मारल्या?”

“मी.”

“कशाबद्दल?”

धोंडूनं नेहमीसारखं सावरून घ्यायला बघितलं. मुंबई घेतलीस की, म्हणाला. दादानं त्याच्याकडं बघितलं नाही. माझ्याकडंच बघत होता.

“मी कुठला गड घेतला रं बाळू? मला हाकलून दिलंय तिथनं.”

मग तो खाली बसला आणि गाठी सोडायला लागला. ओली अंबाडी, सुटता सुटेना. पण त्या बोटांनी उभं आयुष्य तुटलेलं सूत जोडलं होतं, आणि गुंतलेलं सोडवलं होतं. नखानं हळू हळू धागा उचलत, घाई न करता, तो सोडवत बसला. आम्ही सगळे बघत होतो. इतक्या दिवसांत त्याचे हात कामाला लागलेले आम्ही पहिल्यांदा पाहिले. दोन्ही गाठी सुटल्या. दोरी त्यानं मांडीवर ओढून सरळ केली.

“आबांनी मला बिनगाठीची दिली होती,” तो म्हणाला. “मुंबयला जायच्या आदी. ती मागंच चुलीत गेली. आता नवी द्यायची तर तशीच दे. का मला चढायला जमायचं नाय असं ठरवलंयस?”

सांगतो, मी आयुष्यात कुणापुढं मान खाली घातली नाही. त्या दुपारी घातली, आणि त्यात मला उणं वाटलं नाही. नियम माझ्यापेक्षा त्याला जास्त कळला होता. आम्ही त्याला मान म्हणून जे देत होतो ती कीव होती, आणि त्याला ती दोरीच्या गाठीत बोटाला लागली.

त्यानं कवड्या टाकल्या. तीन उताण्या. धोंडूनं असा श्वास सोडला की कवड्या उडतील.

मग पुढचे दिवस. ते सांगावेत म्हणून तर हे लिहायला बसलो, आणि नेमके तेच मला नीट सांगता येत नाहीत. गोष्ट अशी त्यात काही घडली नाही. दुपारी पाऊस, ओटी, कुळथाच्या कढणाचा वास. धोंडू मुद्दाम छळायचा. “ए हशमा, टाक्यावरनं पाणी आण. तोंड काय बघतंस जुमलेदाराचं?” आणि माझा थोरला भाऊ, ज्याला चाळ वाट द्यायची, तो हात जोडून म्हणायचा, “जी, जुमलेदार. घागर तुमच्या डोस्क्यावर देऊ का?” ओटी खदखदायची. तो पहिल्यांदा मोठ्यानं हसला तेव्हा आत वहिनींच्या हातची भाकरी करपली. तसा वास आला. जेवताना ती करपलेली भाकरी त्यांनी स्वतःच्या पानात घेतली.

तो माजघरातनं बाहेर आला. बेणणीला, तण काढायला, शेतात आला, बायकांच्या मागनं, आणि शेवंताला म्हणाला, “सांग गो, कसं धरायचं.” तिनं दाखवलं. त्यानंतर तिनं त्याची थट्टा केली नाही कधी. मुठे, म्हणजे खेकडे, धरायला पोरांना घेऊन ओढ्याला जायला लागला. सकाळची ती मान वर करून थांबायची सवय कधी गेली ते मला आठवत नाही. दुखणं येतं ते दिसतं, जातं ते दिसत नाही.

खेळात तो एकदाही मेला नाही. बिनगाठीचा माणूस इतका टिकलेला मी पाहिला नव्हता. जपून पाऊल टाकायचा. आधी विचारायचा, वारा कुठनं आहे, दगड सुटा आहे का. कांगोरीच्या उतरणीवर दरडीत सापडून धोंडूचा जुमलेदार जायबंदी झाला तेव्हा दादाच्या हशमानं त्याला पाठीवर घेऊन मेटापर्यंत, गडाच्या चौकीपर्यंत आणला. पाच खेपा कवड्या टाकाव्या लागल्या. त्या दिवशी मी त्याच्या दोरीला गाठ मारली, एक. ती त्यानं सोडली नाही. बोटानं दाबून बघितली, आणि दोरी वाशाला टांगताना इतक्या हळू टांगली, जसं काही निजलेलं पोर ठेवावं.

सायलीचा मित्र म्हणाला ते खोटं नाही. खालच्या पायरीवरचा माणूस पटकन मरतो. पण त्याची एक एक चाल लक्षात राहते. धोंडूनं त्या वर्षी काय काय केलं ते मला आज सांगता यायचं नाही. दादाचं सगळं सांगतो.

भादव्यात मुंबईहून निरोप आला. गिरणीतल्याच कुणी ओळख काढली होती. उपनगरात नवी बिल्डिंग उभी राहिली होती, तिथं वॉचमन हवा होता. मला वाटलं दादा निरोप्याला हसून परत पाठवील. तो ट्रंक पुसायला लागला.

आम्ही भांडलो. मी म्हणालो, शेत आहे, मी आहे, घर तुझं आहे. जॉबर माणूस तू, परक्याच्या दारावर काठी घेऊन उभा राहणार? वाडीत तोंड काय दाखवू मी?

तो ओटीच्या पायरीवर बसला होता. शांतपणे म्हणाला, “खालनं सुरू करायची कसली लाज? तुज्याच ओटीवर शिकलो.”

“मी नाय बसवला तुला खाली. मी दोन गाठी दिल्या व्हत्या.”

“व्हय. त्या घेतल्या असत्या तर हितंच बसलो असतो रं. हवालदार म्हनून. माजघरात.”

पोलादपूरच्या स्टँडवर गाडी सुटताना त्यानं खिडकीतनं जयभीम केला, वहिनींनी पदर तोंडाला लावला. या खेपेला ट्रंक त्यानं मला उचलू दिली होती.

जाताना सांगून गेला होता, माझा माणूस पहाऱ्यावर ठेव. खेळाची ती रीत होती. कुणी बाहेरगावी गेला की त्याचा माणूस गडाच्या दरवाज्यावर पहाऱ्याला. तिथं त्याला कवड्या लागत नाहीत. ना चढतो, ना मरतो.

पुढच्या वर्षी मी मुंबईला गेलो. पत्ता शोधत त्या बिल्डिंगसमोर पोचलो तेव्हा एक गाडी आत शिरत होती. दादा खाकी शर्टात उठून उभा राहिला, फाटक ओढलं, आणि गाडी चालवणाऱ्या पोरगेल्या माणसाला सलाम केला. मी रस्त्याच्या या बाजूला थांबलो. अर्धा तास थांबलो असेन. तो खुर्चीवर बसला, रुमालानं बूट पुसले, खोकला, बराच वेळ खोकला. मग मी पलीकडं गेलो. मला बघून त्याचा चेहरा असा फुलला की माझ्या मनातलं सगळं माझं मलाच हलकट वाटलं. म्हणाला, इथं दोघे आहेत, दुसरा पोरगा नवा आहे, त्याला मी शिकवतो. चहा मागवला. चहावाला पैसे आधी मागत होता.

छातीचा आजार गिरणीनंच दिलेला होता. दारावरच्या पावसानं आणि रात्रपाळीनं तो बळावला. दोन पावसाळे काढले दादानं तिथं. वहिनी पोरांना घेऊन तिकडंच राहिल्या. थोरल्या पोराला त्याच फाटकावर लावून घेतलं, आणि तो पुढं शिकून चांगल्या नोकरीला लागला. लोक मला म्हणतात, बघ, तुझ्या भावानं खालनं सुरुवात केली म्हणून पोरं वर आली. म्हणणाऱ्याचं तोंड मी धरत नाही. पण माझा भाऊ घरी नाही, एवढं मला कळतं. लोकांचा हिशेब लोकांपाशी. बिनगाठीची दोरी सगळ्यांना, हे मी मरेपर्यंत म्हणणार; आबा बरोबर होते, दादाही बरोबर होता. आणि तरी पावसात कधी कधी मला वाटतं, त्यानं त्या दोन गाठी तशाच राहू दिल्या असत्या, खोट्या तर खोट्या, आणि भिंतीकडं तोंड करून का होईना, माजघरात बसला असता. मी त्याला रोज जेवायला हाक मारली असती.

तो गेल्याचं कळलं ते लावणी संपता संपता. काही दिवसांनी पाऊस धरून बसला आणि माणसं आपोआप ओटीवर जमली. मेलेल्याची दोरी चुलीत घालायची ही रीत. सगळे माझ्याकडं बघत होते, मी नियमाचा माणूस. मी उठलो नाही.

धोंडूच बोलला, खाली बघत. “खेळात कुठं मेलाय तो? कवड्या पडल्याच नाय त्याच्या.”

बरोबर होतं. खेळात मेल्याशिवाय मेला म्हणत नाहीत. मी कवड्या उचलल्या आणि सांगायला सुरुवात केली: धुकं आहे, पहाट आहे, तुम्ही सगळे गडाखाली उतरलात. आणि तिथं मला पुढं सांगता येईना. कारण उतरलेल्यांना कधीतरी परत वर यायचं असतं, आणि वर यायचं तर दरवाजा लागतो, आणि दरवाज्यावरचा माणूस विचारतो, कोण आहे. ते मला कुणाच्या आवाजात बोलायचं ते कळेना.

कवड्या मी ठेवून दिल्या. पाऊस थांबायची वाट बघत सगळे तसेच बसून राहिले. त्यानंतर आम्ही तो खेळ खेळलो नाही.